तर्जनीकडून उसनं

अंगठा उठला नाही. एवढंच झालं. राखाडी सुटाचं कापड टेबलावर पसरलेलं होतं, कोटाच्या समोरच्या भागाची काखेची गोलाई मी घेत होते, कात्री मिटली आणि पुन्हा उघडायची ती उघडलीच नाही. दुखलं नाही. आवाज झाला नाही. कात्रीच्या वरच्या कड्यात माझा अंगठा होता आणि तो तिथे नुसता पडून होता, जेवून पंख्याखाली आडवा झालेल्या माणसासारखा. मी त्याला उचलायला निघाले, म्हणजे मनातून निघाले, आणि मधेच कुठेतरी रस्ता संपला. डाव्या हाताने धरून वर केला, तो वर गेला; सोडला, पडला. समोर अस्तराचा तागा उलगडत उभ्या असलेल्या मालकांनी विचारलं, "काय झालं मास्टर?" मी म्हटलं, "कात्री अडकली." पहिला संशय मी कात्रीवर घेतला. तीस वर्षं मी हेच करत आलेय. काही बिनसलं की आधी कात्री तपासायची, मग कापड, मग माप घेणाऱ्याची अक्कल. स्वतःपर्यंत पाळी येतच नाही.

आणि नेमकी हीच चूक मी त्याआधी दहा दिवस रोज करत होते. दुकानाच्या जिन्यावरून तागा घेऊन उतरताना पाय सटकला होता, उजव्या मनगटाला बारीकसा तडा गेला होता, पाच आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी टेबलापाशी उभी. थोड्या दिवसांनी कात्री उघडताना करकर जाणवायला लागली. कानाला नाही, हाताला. कापणाऱ्या माणसाची कात्री बोटांच्या पुढे सुरू होत नाही, ती खांद्यापासून सुरू होते, त्यामुळे करकर नेमकी कुठली हे मला कळायचं काही कारणच नव्हतं. मी स्क्रूवर शिलाईमशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. मग वाटलं पाती ढिली पडली असतील, म्हणून स्क्रू पाव पीळ आवळला, आणि आवळलेली कात्री जास्त जोर लावून उघडत राहिले. पुढे डॉक्टरांनी विचारलं, "आवाज येत होता ना? मग तेव्हाच का नाही आलात?" मी म्हटलं, "तेल घातलं की." ते म्हणाले, "मनगटाला?" म्हटलं, "कात्रीला." ते हसले, मग माझा चेहरा बघून हसायचे थांबले. अंगठा उचलणारी दोरी त्या तड्यावरून रोज घासत होती, घासून घासून विरली आणि तुटली, असं त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. टोकं एकमेकांना जोडता येणार नाहीत म्हणाले. विरलेल्या कापडात टाका धरत नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी विचारलं, मग? ते म्हणाले, तर्जनीला दोन दोऱ्या असतात, त्यातली एक काढून अंगठ्याला जोडू, तर्जनीला फारसं कळणारही नाही. हे ते इतक्या सहज म्हणाले की मला बरं वाटलं. ज्याला दोन आहेत त्याच्याकडून एक घ्यायचं, यात कुणाचं काय बिघडतं.

ऑपरेशन झालं, आणि आता या फिजिओच्या खोलीत माझी सोळावी खेप. तीन खाटा, मधे हिरवे पडदे, कोपऱ्यात नीट बंद न होणारा नळ. पडद्यापलीकडे एक गुडघा असतो. माणसाचं तोंड मी अजून पाहिलेलं नाही, फक्त त्याचं कण्हणं आणि "झालं का हो?" हे ऐकून आहे. फिजिओ माझ्या मुलीहून वर्ष-दोन वर्षांनी लहान असेल. नखं मुळापर्यंत कापलेली, हात कायम गार. ती माझ्या हातावर, कोपराच्या खाली आणि मनगटाच्या वर, दोन चिकट पट्ट्या बसवते, डबीएवढ्या मशीनचं चाक हळूहळू फिरवते आणि विचारते, "मुंग्या आल्या, काकू?" आधी मुंग्या येतात. मग त्या मुंग्या एका रांगेत लागतात, रांग ताणली जाते, आणि अंगठा उठतो. सुरेख उठतो. सरळ, नखापर्यंत ताठ. दहा सेकंद तसा राहतो, करंट थांबतो, पडतो. वीस सेकंद विश्रांती. पुन्हा उठतो. अंगठा उठतो, मी उठवत नाही. पहिल्या दिवशी मला रडू फुटलं तेव्हा तिला वाटलं आनंदाने. मला भीती वाटली होती. माझ्याच हाताला, माझ्याच मांसाला, दुसऱ्या कुणाचं तरी ऐकताना मी बघत होते, आणि ते ऐकणं इतकं मन लावून होतं. माझं त्याने असं कधी ऐकलं होतं का? तीस वर्षं मी त्याला काही सांगितलंच नव्हतं, खरं तर. न सांगता चाललं होतं.

"अंगठ्याला विसरा," फिजिओ रोज सांगते. "तो आता अंगठ्याचं ऐकत नाही, तर्जनीचं ऐकतो. तुम्ही तर्जनी उचला. बाकीची बोटं मिटा, हे एकच बोट ताठ करा, अंगठा आपोआप उठेल. मशीन फक्त रस्ता दाखवतं. चालायचं तुम्हाला." मग ती चाक मागे फिरवते, टक् असा आवाज येतो, आणि मी एकटी उरते. बोट ताठ कर, मी म्हणते. बोट थोडं हलतं, चारही बोटं एकदम हलतात, अंगठा जागच्या जागी. ती म्हणते, "नुसतं हलवू नका, कशाकडे तरी बोट दाखवा. त्या खिडकीकडे दाखवा." मी हनुवटीने खिडकी दाखवते. ती हसते. "हनुवटीने नाही हो काकू, बोटाने!" मला ते येत नाही. तिला वाटतं दुखतंय, तिला वाटतं मी घाबरट आहे. एकदा तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि वही उलटी ठेवली. दुकानात सगळ्यांना माहीत आहे की मास्टर कधी बोट दाखवत नाहीत, लाकडी पट्टीने दाखवतात. वरच्या फळीवरचं ते, पट्टी. शिलाई इथे उसवा, पट्टी. गिऱ्हाइकाला आरसा तिकडे आहे, पट्टी. नव्या कारागिरांना तो माझा रुबाब वाटतो.

सोमवारी मला मालकांसमोर एक कोट कापून दाखवायचा आहे. मालक वाईट नाहीत, तेच तर अवघड आहे. वाईट असते तर चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. ते स्वतः घरी आले होते, खुर्चीच्या कडेवर टेकून बसले होते, म्हणाले, "मास्टर, गिऱ्हाईक थांबत नाही हो. मी थांबलो, जमेल तेवढं थांबलो. सोमवारी या. एक कोट कापा, मला बघू दे. जमलं तर टेबल तुमचंच." नाही जमलं तर काय ते बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती, नवं मशीन कुठे बसवायचं त्याची खडूची चौकट माझ्या टेबलाशेजारी जमिनीवर आखलेली मी पाहिली होती. थर रचून कापणारं मशीन. मला दुसरं काही येत नाही. स्वयंपाक येतो, सही येते, माणसांशी धड बोलणं येत नाही. नवरा गेला तेव्हा पाचव्या दिवशी मी टेबलापाशी होते, लोक म्हणाले, काय काळीज आहे. काळीज कसलं, उभं राहायला तेवढी एकच जागा होती. कापड समोर पसरलेलं असलं, खडूची रेघ असली, की मला कळतं मी कुठे आहे. रेघेच्या या बाजूला कोट, त्या बाजूला चिंध्या. टेबल गेलं तर मी कुठल्या बाजूला पडेन, हे रात्रंदिवस डोक्यात घोळतं. सोळा खेपा झाल्या आणि शुक्रवार उजाडला आहे.

मुलीला आम्ही बटण म्हणायचो. दोन वर्षांची असताना तिने शर्टाचं बटण गिळलं आणि तीन दिवस सगळं दुकान कामधंदा सोडून त्या बटणाची वाट बघत होतं. ते आलं तेव्हा मालकांच्या वडिलांनी सगळ्यांना पेढे वाटल्यासारखा चेहरा करून बातमी सांगितली. ती कटिंग टेबलाखाली वाढली. वरून चिंध्या पडायच्या, त्यांची ती घरं बांधायची. माझ्या पायांवरून तिला कळायचं मी काय कापतेय. "आई, आता बाही," खालून आवाज यायचा, आणि खरंच बाही असायची. हात तिचा माझ्याहून हलका होता. मी कधी म्हटलं नाही तिला. म्हणायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं, माझ्या बापाने मला कधी म्हटलं नव्हतं. आणि मग तेवीस वर्षांची असताना एका संध्याकाळी ती चपलाही न काढता आत आली, डोळे चमकत होते, म्हणाली, कपड्यांच्या कारखान्यात काम लागलं. "चाळीस थर, आई! एका दमात! तुझा अख्खा महिना तिथे चहा गार व्हायच्या आत होतो." ती मला खिजवत नव्हती. आज कळतं. खाली बसून बाही ओळखल्यावर जसं सांगायची तसंच सांगत होती, मी खूश होईन म्हणून. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, मग जा तिकडेच, चाळीस थरांत. ती हसली. मी पुढे वाद घातला असता तर ते भांडण झालं असतं, आणि भांडण मिटतं. मी वाद घातला नाही. मी बोट उचललं, दाराकडे. बाकीची बोटं मिटलेली, हे एकच ताठ. "चालती हो." ती आधी बोटाकडे बघत राहिली, जणू ते माझं नाहीच. मग गेली. दार तिने आपटलं नाही, हळूच ओढून घेतलं. बोट तसंच होतं. खांदा दुखायला लागला तेव्हा ते खाली आलं.

तिने संबंध तोडले नाहीत, उगाच कुणाला तसं वाटायला नको. ती येते. महिन्या-दोन महिन्यांनी येते, बाहेर पायपुसण्यावर उभी राहते, "बरी आहेस ना?" विचारते, हातात काहीतरी पिशवी ठेवते आणि जिना उतरते. नऊ वर्षांत ती उंबरठ्याच्या आत आलेली नाही आणि मी तिला आत ये म्हटलेलं नाही. पहिल्याच वेळी म्हणायला हवं होतं. तेव्हा जीभ उचलली नाही, दुसऱ्या वेळी ते पहिल्याहून जड झालं, आणि असं करत करत ते दोन शब्द इतके जड झाले की आता दार उघडलं की मी आधीच दमलेली असते. तेव्हापासून मी कुणाकडे बोट दाखवलेलं नाही. कानाला खडा लावला म्हणा. आणि आता ही गार हातांची पोर म्हणते, दाखवा. त्या बोटात जे होतं ते डॉक्टरांनी काढून अंगठ्यात शिवलंय, हे तिला कसं सांगू?

शुक्रवारी मशीन चालू असतानाच ती आली. बटण. पडदा बाजूला करून आत आली आणि स्टुलावर बसली, अगदी सहज, माझ्यापासून हातभर अंतरावर. इथला उंबरठा माझा नव्हता म्हणून असेल. मालकांनी तिला फोन केला होता म्हणे. ती माझ्या अंगठ्याकडे बघत राहिली. उठला, थांबला, पडला. "दुखतं का गं?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. केस मागे बांधलेले होते, कानाशी दोन पांढरे. माझ्या मुलीचे केस पांढरे व्हायला लागले आणि मला माहीत नाही. मला एकदम खूप बोलावंसं वाटलं. फिजिओने टक् करून करंट बंद केला, म्हणाली, "चला काकू, आता तुमचं तुम्ही." बोट थोडं हललं. अंगठा नाही. फिजिओ, जरा दमलेली, म्हणाली, "परत." नाही. परत. नाही. मुलगी पुढे झुकली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, एक सांगू? चिडू नकोस. आमच्याकडे कटिंगच्या हॉलवर नजर ठेवायला माणूस हवंय. मी विचारून ठेवलंय. बसून काम आहे. अंगठा लागत नाही."

अंगठा लागत नाही. पुढे काय झालं ते मी बघितलं, केलं असं म्हणवत नाही. नऊ वर्षांपूर्वीची तीच तिडीक, तशीच्या तशी, जराही शिळी न झालेली, पाठीतून खांद्यात आली, खांद्यातून खाली उतरली, बोटं मिटली आणि तर्जनी पडद्याकडे, दाराकडे, ताठ झाली. आणि तिच्याबरोबर अंगठा उठला. नखापर्यंत. हातावरच्या पट्ट्यांत करंट नव्हता.

"उठला!" फिजिओ ओरडली. "काकू, उठला! बघा, तुमचा तुम्ही उठवलात!" पलीकडच्या गुडघ्यानेसुद्धा "शाब्बास" म्हटलं. ती पोर खरोखर नाचायची बाकी होती. "काय मनात आणलंत आत्ता? काय ते मला सांगू नका, पण तेच परत आणा. दर वेळी तेच. दहा वेळा करू."

मी मुलीकडे बघितलं. ती बोटाकडे बघत होती. तिला ओळखायला एक क्षणही लागला नव्हता, ती माझ्या पायांवरून बाही ओळखणारी. मी म्हटलं, "नको. आज पुरे."

"कर, आई," ती म्हणाली.

"नको गं."

"सोमवारी कोट आहे ना? कर. मी बसलेय."

मग मी केलं. फिजिओ मोठ्याने मोजत होती. एक, चालती हो. अंगठा उठला. दोन, चालती हो. मी मनात दुसरं काही आणून बघितलं, तिसऱ्या वेळी नुसती भिंत आणली, अंगठा पडून राहिला, फिजिओ म्हणाली, "हा नाही मोजला." पुन्हा तेच आणावं लागलं. चौथ्याला मुलीने नजर खिडकीकडे वळवली. सहाव्याला तिने रुमाल काढला आणि नुसता हातात धरला. ती उठली नाही. दहा वेळा मी माझ्या पोरीला हाकललं, आणि दहाही वेळा ती तिथेच बसून होती, आणि दहाही वेळा अंगठा असा उठला की मशीनने मान खाली घालावी. मग ती उभी राहिली, पर्स खांद्याला लावली, म्हणाली, "बरं झालं. नीट काप सोमवारी." मला म्हणायचं होतं, घरी चल. पट्ट्या काढताना फिजिओ म्हणाली, "मुलगी ना? लकी आहे हो तुम्हाला." तोवर पडदा हलायचा थांबला होता.

शनिवार-रविवार मी घरात नुसती हात टेबलावर ठेवून बसले. दुसरं काही सापडतंय का ते शोधत होते. माणसाने आयुष्यात एका बोटाने काय काय केलेलं असतं. लहानपणी बापाला विमान दाखवलं होतं, ते आणलं. बटणाला पहिलं अक्षर गिरवायला शिकवलं, ते आणलं. नवऱ्याला दवाखान्यात खिडकीतून खाली उभी असलेली आमची सायकल दाखवली होती, ते आणलं आणि खूप वेळ धरून ठेवलं. बोट जरा हललं, अंगठा ढिम्म. शेवटी थकून तेच आणलं. लगेच उठला. मी त्याला शिव्या घातल्या. स्वयंपाकघरात उभी राहून, मोठ्याने, स्वतःच्या अंगठ्याला. मग ओट्यावर डोकं टेकवलं. मला माझं टेबल हवं होतं आणि ते असं हवं नव्हतं, आणि दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने ते मिळणार नव्हतं.

सोमवारी कापड गडद निळं होतं. कागदी फर्मा ठेवला, खडूने आखलं, कात्रीचा तो आवळलेला स्क्रू पाव पीळ सैल केला. मालक हाताची घडी घालून समोर उभे राहिले. मी अंगठा कड्यात घातला. उंबरठ्यावर तिला उभं केलं, तेवीस वर्षांची, चपला न काढलेली, डोळे चमकणारी. चालती हो. कात्री उघडली. आत कापड घेतलं. मिटली. चालती हो. उघडली. मिटली. काखेच्या गोलाईपर्यंत अशी किती वेळा ती गेली. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. एका कोटाला किती वेळा कात्री उघडते हे मी कधी मोजलं नव्हतं, ती आयुष्यभर मोफत उघडत आली होती. मला वाटलं, हे मी रोज करणार आहे. रोज, संध्याकाळपर्यंत. गोलाईच्या मधोमध, जिथे त्या दिवशी थांबले होते तिथेच, हात थांबला. तिला पुन्हा दारात आणायची माझ्यात ताकद नव्हती. कात्री उघडी राहिली होती, पाती कापडाच्या दोन्ही अंगांना. आणि तेव्हा मी नऊ वर्षांत पहिल्यांदा तिला हाक मारली. आत ये. बोट आपोआप वळलं, माणूस कुणाला बोलावतो तसं, माझ्याकडे. अंगठा त्याच्याबरोबर खाली आला. कात्री मिटली. कापड तिथेच कापलं गेलं, रेघेवर, सुतभरही इकडेतिकडे नाही.

मग मी तशीच कापत गेले. उघडताना चालती हो, मिटताना आत ये. ती जात होती आणि येत होती. वेग आला, इतका की दोन्हींच्या मधे तिला जिन्यापर्यंतसुद्धा जाता येत नव्हतं, फक्त वळता येत होतं. पण उघडल्याशिवाय मिटत नाही, आणि पहिलं म्हटल्याशिवाय दुसरं म्हणता येत नाही, हेही मला प्रत्येक वेळी कळत होतं. समोरचा एक भाग सुटून हातात आला. मालकांनी कड बोटाने चाचपली, उजेडात धरली. "हात अगदी पहिल्यासारखा आहे, मास्टर," ते म्हणाले. मग, "पण तोंडातल्या तोंडात काय चाललंय तुमचं?"

"माप," मी म्हटलं, आणि फर्मा उलटा करून दुसऱ्या भागाला सुरुवात केली.